भिंतीमागचे तीन फूट

मी, खाली सही करणारा, वय चौऱ्याहत्तर, धंदा सुतारकाम, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर, कुणाच्या दडपणाशिवाय लिहीत आहे. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. घरच्यांचं मत वेगळं असू शकतं.

१. राहतं घर व बँकेतली ठेव पत्नीची. तिला 'आमच्याकडे चला' म्हणून कुणी भंडावू नये. जायचंच असेल तर ती स्वतः पिशवी भरेल. तिच्यानंतर सगळं मुलीचं.

२. रंधे, पटाशा, करवती मुलीला. जावईबापू पटाशीने डबे उघडतात; पेटीची किल्ली त्यांच्या हाती देऊ नये.

३. चौकातली जुनी इमारत माझी कधीच नव्हती, पण तिच्यातली एक चौकट माझी आहे, म्हणून हे कलम. तारघर हललं आणि तिथे छापखाना आला. मागच्या भिंतीला लागून कागदाची अरुंद कोठी करायची ठरली. आतली भिंत दादाची, म्हणजे माझ्या थोरल्या भावाची, तो गवंडी. दाराची चौकट माझी. ती काही केल्या बसेना. दादा मालकासमोर म्हणाला, "चौकटच तिरकी आहे." माझं काम गेलं. दादाशी बोलणंही गेलं, ते एकतीस वर्षं. पुढे कळलं, कोठी रद्द झाली, दादाने ती भिंत पाडून टाकली.

४. छापखान्यानंतर टायपिंगचा क्लास, मग दवाखाना, शेवटी गाद्यांचं दुकान. दर वेळी फळ्या ठोकायला मीच. इमारत बाहेरून चाळीस फूट भरायची. आतून, भिंतींची जाडी धरूनही, सदतीसच. तीन फूट गेले कुठे? टायपिंगच्या बाई म्हणाल्या, "तुमची टेप आखडली असेल." डॉक्टरांनी विचारलं, "झोप लागते ना नीट?" गादीवाल्याने भिंतीला कान लावला आणि घाबरून दोन दिवस दुकान उघडलं नाही. भिंत फोडू मात्र कुणी देईना.

५. गेल्या महिन्यात रस्तारुंदीत इमारत पाडली. मी समोर खुर्ची टाकून बसलो. तिसऱ्या दिवशी दुपारी आतल्या मागच्या भिंतीची पाळी आली, आणि तिच्याआड दुसरी दिसली. पोट सुटलेली, डावीकडे कललेली. तिच्यात अडकलेली माझी चौकट! मी ओळंबा सोडला. दोरी चौकटीच्या कडेपासून जराही हटेना.

गर्दीतून काठी टेकत दादा आला.

"पाडली नव्हतीस?" मी विचारलं.

"पाडली असती तर चार मजुरांनी वाकडी बघितली असती. पहिलंच मोठं काम होतं रे. मालकाला सांगितलं, मागे ओल आहे, कोठी नको. पुढून सरळ भिंत घातली."

"त्याला तीन फूट कमी झालेले कळले नाहीत?"

"छापखान्यातला माणूस. अक्षराएवढं दिसायचं, भिंतीएवढं नाही." मग खाली बघत म्हणाला, "तुझी चौकट सरळ होती. मला तेव्हाच माहीत होतं."

मला रागवायचं होतं. पण इतक्या वर्षांचं कोडं सुटल्याचा आनंदच आधी आला. मी त्याला खुर्ची दिली.

६. ठेकेदाराने चौकट मला दिली. ती दादाला द्यावी असं मी लिहिणार होतो. तो म्हणाला, "मला नको. मी साक्षीदार होईन." वकील म्हणाले, साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही. "मग उत्तमच," दादा म्हणाला. चौकट मुलीने ठेवावी.

ठिकाण: माझ्या घराची पुढची खोली. सोमवार, ९ फेब्रुवारी २०१५, सकाळी अकरा.

सही: सुतार

साक्षीदार पहिल्या: टायपिंगच्या बाई. शुद्धलेखनाच्या तीन चुका काढून मगच सही केली.

साक्षीदार दुसरा: पेन हातात घेऊन त्याने विचारलं, "इथे काय लिहू? गवंडी?"

मी म्हटलं, "आधी भाऊ लिही."