दात्याच्या यकृतावरील डाग

प्रति,
मा. वैद्यकीय अधीक्षक,
मुख्य रुग्णालय.

विषय : यकृतदात्याची एमआरआय तपासणी यंत्राच्या रिकाम्या वेळेत करून मिळण्याबाबत.

संदर्भ : माझे यापूर्वीचे दोन अर्ज. दोन्ही ‘अर्जदार रुग्ण नाही’ या शेऱ्यासह परत.

महोदय,

१. मी लिफ्ट दुरुस्तीचे काम करतो. माझी थोरली बहीण आपल्याकडे दुसऱ्या मजल्यावर दाखल असून तिचे यकृत निकामी झाले आहे. भाऊजींचा रक्तगट जुळत नाही, आईचे वय बहात्तर. माझा जुळतो. माझ्या यकृताचा भाग तिला द्यायचे ठरले व मी सह्याही केल्या.

२. दाता म्हणून सोनोग्राफी केली, तेव्हा माझ्याच यकृतावर दोन सेंटिमीटरचा डाग दिसला. साधा की कर्करोगाचा, हे त्यातून ठरेना. सुईने तुकडा काढावा तर रक्तवाहिन्यांची गाठ असल्यास रक्तस्रावाचे भय. म्हणून क्ष-किरण विभागाच्या डॉक्टर बाईंनी डिफ्युजन एमआरआय लिहून दिली. पेशींमधले पाणी किती मोकळे हलते ते हे यंत्र टिपते, असे त्यांनी मला समजेल अशा भाषेत सांगितले. साध्या गाठीत पाणी बऱ्यापैकी मोकळे फिरते. कर्करोगात पेशींची दाटी असल्याने ते अडते. कधीकधी साधी गाठही फसवते, त्यामुळे एवढ्यावरच भिस्त ठेवत नाहीत. पण इतर चित्रांशी ताडून पाहिले तर बहुधा उलगडा होतो.

३. त्या चिठ्ठीवर मला बेचाळीस दिवसांनंतरची तारीख मिळाली. ताईच्या हाती, तिच्या डॉक्टरांच्या अंदाजाने, दोन आठवडे आहेत. तातडीची रांग फक्त दाखल रुग्णांसाठी. नोंदणी खिडकीवर सांगण्यात आले, की दाता निरोगी असतो, त्याला रुग्ण क्रमांक देता येत नाही. मग निरोगी धरून माझे यकृत घ्या, म्हटले. तर डागामुळे तेही चालत नाही. मला दाखल करून घ्या, म्हटले. तर डाग कसला हे कळल्याशिवाय कोणत्या विभागात करणार, असे मलाच विचारण्यात आले.

४. आज चार दिवस मी उपाशीपोटी यंत्राच्या खोलीबाहेर बसतो आहे. माझे काम लोखंड घासण्याचे आणि यंत्रात मोठे चुंबक, म्हणून डोळ्यांत लोखंडाचे कण नाहीत याचा एक्स-रेही काढून घेतला. वीस सेकंद श्वास रोखण्याचा सराव केला. शुक्रवारी एक रुग्ण आलाच नाही. चाळीस मिनिटे यंत्र रिकामे होते. तंत्रज्ञ भला माणूस, दोनदा बाहेर येऊन माझ्याकडे बघून गेला. शेवटी म्हणाला, “क्रमांक टाकल्याशिवाय मशीन पुढे जातच नाही हो.”

५. डागाचे मी ताईला सांगितलेले नाही. सांगितले तर ती माझ्याकडून काही घेणारच नाही. रोज नवी थाप मारतो. त्यामुळे मी भिऊन मागे सरलो, अशी तिची समजूत झाली आहे. काल हात धरून म्हणाली, “घाबरला असशील तर राहू दे रे. मी रागावणार नाही. फक्त भेटायला येत जा.”

६. तरी अशा एखाद्या रिकाम्या वेळेत माझी तपासणी व्हावी. डाग वाईट निघाला तर माझे काय ते मागाहून बघता येईल; दुसरा दाता शोधायला तिला तेवढे दिवस तरी मिळतील. साधा निघाला तर त्याच दिवशी ऑपरेशनच्या टेबलावर झोपायला मी तयार आहे. काहीही निघो, तिच्यापाशी जाताना माझ्याजवळ खरे बोलण्याजोगा एक कागद असावा, एवढेच मागणे आहे.

यंत्राच्या खोलीबाहेरील बाकावर हजर,
(सही)
दुसऱ्या मजल्यावरील रुग्णेचा धाकटा भाऊ
सोमवार, सकाळी सव्वानऊ

सोबत : सोनोग्राफीचा अहवाल, डॉक्टर बाईंची चिठ्ठी, डोळ्यांचा एक्स-रे, परत आलेले दोन अर्ज.

शेरा : दाता म्हणून क्रमांक द्यावा. आजच तपासणीस घ्यावे. — अधीक्षक