नाव न घातलेली भांडी

५ जानेवारी, रवि.
आज सकाळी पूजेआधी गोधड्या काढायला दिवाण उघडला. गोधड्या तळाशी. वर वैशूची भांडी. लेक शाळेत होती तेव्हापासून मंगल दर दिवाळीला तिच्या लग्नासाठी एखाददुसरं घेत आली. सगळी पलंगावर मांडली. तांब्याची काळी पडलीत, स्टीलची अजून कागदात. एकावरही नाव नाही. सासरचं नाव ठरलं की घालू, म्हणून तशीच ठेवलेली.
वैशू अठ्ठावीसची. पुण्यात नोकरी. दिवाळीत स्पष्ट म्हणाली, लग्न करायचं नाही. तेव्हापासून मायलेकी बोलत नाहीत. स्पीकर लावलेला फोन माझ्या हातात असतो, ही स्वयंपाकघरातून कान लावते.
पूजा झाली, पण मन नव्हतं.

८ जाने., बुध.
मंगलला म्हटलं, भांडी मोडीत देऊ. घर जरा मोकळं होईल.
"लेकीचं मोडीत घालता? बोलवतं तरी कसं तुम्हाला?"
मग पोळी लाटता लाटता, "ते घरातून गेलं म्हणजे म्या आशा सोडली, असं व्हईल."
भांडी परत दिवाणात. गोधड्या बाहेर खुर्चीवर.

१० जाने.
वैशूचा फोन. मी भांड्यांचं काढलं. हसली. "आबा, दुकान टाकायचंय का मला? माझ्या खोलीत ओट्यावर एक शेगडी मावती." मग, "आई जेवली का?"
मंगलनं दारातूनच मान हलवली. मी हो म्हणून सांगितलं.

१२ जाने., रवि.
पहाटे जपाला बसलो. एक गोष्ट ध्यानात आली. कैक वर्षं मी देवाचं नाव घेतो आणि लगेच अर्ज पुढं करतो, वैशूचं जमू दे. दुसरं काही ऐकवलंच नाही त्याला. त्याच्याही घरात अडगळच करून ठेवली की.
फोनवर वधू-वर सूचकचे ग्रुप. रोज फोटो, उंची, पगार. एकातून बाहेर पडलो. बाकीचे सोडायचा धीर होईना.

१४ जाने., संक्रांत
तिळाचे लाडू वळताना मंगल, "यंदा वाण काय लुटावं?"
दरवर्षी गुलमंडीच्या बाजारातून प्लास्टिकचे डबे आणते. तिचं लक्ष दिवाणाकडं होतं.

१९ जाने., रवि.
हळदीकुंकू झालं. मंगलनं वाण म्हणून वैशूच्या वाट्या, डबे, ताटं लुटली. मला आधी बोलली नाही. मी आतल्या खोलीत.
शेजारच्या काकूंचा आवाज, "अगं मंगल, इतकं भारी वाण? लेकीचं जमलं व्हय?"
मंगलनं वाटी पुढं केली.
"नाय काकू. तिला लग्न नको हाय. म्हणून लुटते."
हे ती बाहेरच्या माणसापुढं पहिल्यांदा बोलली. काकू म्हणाल्या, "मग ताट मोठं दे मला, वाटीवर काय भागवतीस!" बायका हसल्या. मंगलही हसली बहुतेक.
सगळ्या गेल्यावर ओट्याला टेकून बसली होती. मी चहा केला. साखर जास्त पडली. प्याली.

२१ जाने.
दिवाण रिकामा. गोधड्या आत गेल्या. तांब्याचा एक तांब्या तेवढा तिनं मागं ठेवलाय, चिंच लावून घासला. "हा नाय देणार." बरं म्हटलं.

२४ जाने., शुक्र.
ऑफिस सुटल्यावर तांब्या घेऊन गुलमंडीला गेलो. मंगलनंच दिला, काय करायचं ते सांगितलं नाही. नाव घालणारा मशीन पुसत म्हणाला, "क्या नाम डालूं चाचा? ससुराल का बोलो."
"वैशाली."
"आगे?"
"एवढंच."
त्यानं वर बघितलं, मग काम केलं.
घरी आणला. मंगलनं अक्षरांवरून बोट फिरवलं. "पुढं जागा लई सोडली त्यानं."
उरलेल्या ग्रुपांतून बाहेर पडलो. वैशूला फोन लावला आणि तो मंगलच्या हातात दिला. तिनं घेतला. पलीकडं रिंग जात होती.
मी देवापुढं येऊन बसलो. दिवा लावला, नाव घेतलं. काही मागितलं नाही.