रेडुक्तरचं झाकण

बदलापूर, ३ फेब्रुवारी २०२५

चि. यशोधरास,
सप्रेम जयभीम व अ. आ. वि. वि.

फोनवर मला रडू येतं, म्हणून कागदावर लिहून त्याचे फोटो पाठवते आहे. कॉन्व्हेंट शाळेतल्या सिस्टर म्हणायच्या, राग आला की आधी लिहून काढ. मनगट दुखलं, राग तसाच आहे.

तुझ्या बाबांची उजव्या हाताची दोन बोटं मशीनमध्ये चिरडली. जखम भरेल, घाबरू नकोस. अंबरनाथच्या त्या वर्कशॉपमध्ये दौलत बावीस वर्षं त्याच जुन्या रशियन मशीनवर उभा आहे. आता शेठ म्हणतो, गिअरवरचं झाकण दौलतनेच त्या दिवशी काढलं, तसं लिहून दे. दौलत म्हणतो, झाकण त्याने कधी पाहिलंच नाही. लिहून दिलं तर बावीस वर्षांच्या कामावर निष्काळजीपणाचा शिक्का बसेल.

दर दसऱ्याला तिथे मशीनला हिरवा ऑइलपेंट फासतात, वर हळदकुंकू. त्याखाली एक पाटी बुजली होती. दौलतबरोबर काम करणाऱ्या तेजलने थिनर लावून ती खरवडली. अक्षरं तू मेडिकलसाठी शिकलीस त्या रशियनमधली आहेत. एक फोटो पाटीचा, दुसरा उघड्या गिअरचा, दोन्ही बघून कळव. आणि कानटोपी घालत जा, तू विसरतेस.

बाबांवर करतेस त्यातली थोडी माया इकडेही असू दे.

तुझी आत्या,
प्रतिभा


कारागांदा, कझाकस्तान, ४ फेब्रुवारी

ती. आत्यास,
सविनय जयभीम.

बाबांनी मला सांगितलं, बोटाला खरचटलंय. मी चिडले आहे, हे त्यांना ऐकव.

पाटीवर लिहिलंय, रेडुक्तरचं झाकण नसताना मशीन चालू करू नये. रेडुक्तर म्हणजे वेग कमी करणारी गिअरची पेटी. इथे वॉर्डात ऑक्सिजनच्या सिलिंडरचा दाब कमी करणाऱ्या भागालाही तेच म्हणतात. खारकीवच्या कॉलेजात शिकवणाऱ्या युक्रेनियन बाईंच्या तोंडी हाच शब्द होता, इथल्या कझाक नर्सच्या तोंडीही हाच. मूळ तुझ्या सिस्टरांच्या लॅटिनमधलं. लढाईत मला ते शहर सोडावं लागलं, शब्द मात्र इथेही भेटला. गिअरवर झाकण लागतं हे तीन देशांत कळतं, ते शेठला कळत नव्हतं, हे मला पटत नाही.

दुसरा फोटो मोठा करून बघ. झाकणाच्या चारही बोल्टांची भोकं रंगाने बुजली आहेत, थरावर थर. झाकण त्याच दिवशी काढलं असतं, तर ती मोकळी असती. बाबांना सही करू देऊ नकोस.

रागावलेली तरी तुझीच,
यशू


बदलापूर, १० फेब्रुवारी

चि. यशूस,
अ. आ.

आम्ही शेठकडे गेलो. मी फोटो टेबलावर ठेवले. शेठ हसून म्हणाला, डॉक्टर होणाऱ्या पोरीला मशीनमधलं काय कळणार. मी म्हटलं, तिला वाचता तरी येतं. भोकांचा फोटो मात्र त्याने पालथा घातला. मग गोड आवाजात म्हणाला, दौलतराव, हाताला पट्टी आहे ना, अंगठा चालेल. शाईचा पॅड आणि टाइप केलेला कबुलीचा कागद तयारच होता.

यशू, तुझे आजोबा चाळिशीत सही करायला शिकले. त्यानंतर आपल्या घरात कुणी अंगठा दिलेला नाही.

दौलतने माझं पेन मागितलं, डाव्या हातात धरलं आणि त्या कागदावर आडवं लिहिलं, 'मला मान्य नाही.' खाली स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. शेठचा चहा निवेपर्यंत लिहीत होता. अक्षरं पहिलीतल्या मुलासारखी वाकडी आली.

शेठ कागद परत मागत होता. मी पर्समध्ये घातला. उद्या तो कारखाना निरीक्षकांच्या टेबलावर असेल.

रागासकट तुझी,
आत्या