एकदाच चालणारा कोड

१ सप्टेंबर, सोमवार

एकसष्ट पत्रं! सत्र सुरू झालं आणि सगळ्यांना एकच प्रश्न — पुस्तक नवंच घ्यायला हवं का?

कॉलेजच्या पुस्तकदुकानात पत्रव्यवहार माझ्याकडे. चौदा वर्षं संस्कृत घोकलं त्याचं हे फळ. बाकीचे 'हो' किंवा 'नाही' लिहून मोकळे होतात. मी पूर्ण वाक्य लिहितो, क्रियापदासकट. आज एकसष्ट वेळा लिहिलं — नवं घ्या, सोबत सीलबंद पाकिटात ऑनलाइन स्वाध्यायाचा कोड मिळेल. जुनं घ्या, कोड मिळणार नाही. भाड्याने घ्या, पण समासात काही लिहू नका. ई-पुस्तक घ्या, सत्र संपताच ते अंतर्धान पावेल. ग्रंथालयात एक प्रत आहे, दोन तासांसाठी. तिच्यासाठी रांग लावणारे एव्हाना एकमेकांचे सोयरे झाले असतील. आणि सील फोडलंत, तर परत घेणार नाही.

गल्ल्यावरच्या ताईंनी माझं एक उत्तर, विचारणाऱ्याचं नाव खोडून, दुकानातल्या फलकावर लावलं. आठवड्याला एक लावतात. चहाच्या वेळी वाचन होतं. खोटं कशाला बोलू, आवडतं मला.

३ सप्टेंबर

आजचं रत्न. बाई चाळिशीच्या, इस्पितळाच्या धुलाईखात्यात कामाला. परिचारिकेच्या अभ्यासक्रमाला प्रवेश मिळालाय. मुकादमाने आठवड्यातल्या दोन सकाळी सोडल्यात, एका अटीवर — या सत्रात शरीररचना पास व्हा, मग वॉर्डात बदली. नाहीतर आयुष्यभर चादरी.

पुस्तक जुनं घेतलं. आत कोडाची चिठ्ठी सापडली, म्हणून खूष! भिजू नये म्हणून तिला लॅमिनेशन करून घेतलं. आता कोड ऑनलाइन टाकला तर 'वापरलेला आहे' असं येतं. 'सर, काय करू?'

लिहिलं — 'महोदया, कोड एकदाच चालतो. आपण जळालेली काडी चौकटीत बसवलीत.'

ताई डोळे पुसेपर्यंत हसल्या. फलकावर.

८ सप्टेंबर

त्या बाई दुकानात आल्या. हात धुऊन धुऊन पांढरे पडलेले. फलकापुढे चार पोरी खिदळत होत्या, त्यांच्यामागे उभ्या राहून त्यांनीही वाचलं. नाव खोडलेलं होतं, पण जळालेली काडी कुठे लपणार? पोरी हसल्या तशा त्याही थोड्या हसल्या.

मग माझ्या टेबलाशी येऊन विचारलं, नुसता कोड वेगळा मिळतो का. मिळतो, जवळजवळ पुस्तकाच्याच किमतीला. त्यांचा पगार वीस तारखेला. विषयातून नाव काढून घ्यायची मुदत बारा तारखेपर्यंत. त्यानंतर कोडाविना अडल्या तर नापासाचा शिक्का, आणि मुकादमाला तेवढंच हवंय. चढत्या क्रमाने सगळे पर्याय सांगून झाले, उतरत्या क्रमानेही.

"स्वाध्यायाशिवाय नाहीच का भागणार, सर? प्राध्यापकांना विचारून बघू का?"

"विचारा की. ते तुम्हाला परत माझ्याकडेच पाठवतील. पुस्तकांच्या यादीत कोड 'आवश्यक' असं त्यांनीच लिहून दिलंय."

मान हलवून गेल्या. विचारलं नसणार. माझ्या शब्दाला वजन आहे हो!

११ सप्टेंबर, गुरुवार

शरीररचनेचे प्राध्यापक फळा पुसायचं डस्टर घ्यायला आले होते. सहज म्हणाले, पोरं यंदा एवढे कोड का विकत घेतायत कळत नाही. ऑनलाइन स्वाध्याय त्यांनी बंद केलेत. जूनमध्येच कळवलं होतं म्हणे — मला.

ते गेल्यावर शोधलं. पत्र होतं. आमची पद्धत अशी — यादी गेल्या वर्षीचीच उतरवायची, आणि जो प्राध्यापक येऊन आरडाओरडा करील त्याचीच ओळ बदलायची. यांचं पत्र फार सौम्य होतं. राहून गेलं.

सत्तरच्या वर सीलं फुटलीत. सांगितलं तर सगळी पोरं उद्या दारात, साहेब माझ्या डोक्यावर, आणि फलकावर — मी.

बाईंना अजून उद्याचा दिवस आहे. पत्राखाली त्यांचा फोन नंबर आहे.

त्यांना कळवायला तीन मसुदे केले. तिसरा तर फारच सुंदर झाला, 'दृष्टिदोषाने' हा शब्द त्यात चपखल बसलाय. घरी ही म्हणाली, "अहो, कुणाला लिहिताय एवढं?" म्हटलं, कुणाला नाही.

आणि ते खरंच ठरलं.

१२ सप्टेंबर

पाच वाजेपर्यंत मुदत होती. पाच वाजले.

कदाचित त्यांनी उसनवारी करून कोड घेतला असेल. घेतला असता तर माझ्या विक्रीच्या यादीत दिसला असता. दिवसभरात चार वेळा यादी बघितली.

१५ सप्टेंबर

त्यांचं पत्र. नाव काढून घेतलं. मुकादमाने वॉर्डातली जागा दुसरीला दिली. 'तुम्ही स्पष्ट सांगितलंत, सर, म्हणून नापासाचा शिक्का तरी वाचला. बाकी कुणी मला पूर्ण वाक्यात उत्तर दिलं नाही.'

ताईंनी विचारलं, हे लावू का? ओरडलोच त्यांच्या अंगावर. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

२२ सप्टेंबर

संकेतस्थळावरच्या यादीत 'आवश्यक' काढून 'ऐच्छिक' केलं. कुठे सूचना नाही, खुलासा नाही. कुणाच्याही लक्षात आलं नाही. एक शब्द बदलायला अर्धं मिनिट लागलं, तेही संगणक जुना म्हणून.

जेवण गेलं नाही. ही म्हणाली, पित्त झालं असेल. असेल.

२९ सप्टेंबर, सोमवार

साहेबांनी पत्रव्यवहाराला मदतनीस नेमली. आठवड्यातल्या दोनच सकाळी. दोन सकाळी मोकळ्या असलेलं माणूस मिळणं कठीण, म्हणाले. या बाईंच्या मात्र नुकत्याच मोकळ्या झाल्यात, आणि पत्र कसं नीटनेटकं लिहितात!

माझ्या शेजारचं टेबल. पांढरे हात. आल्या आल्या मला वाकून नमस्कार केला. मग वही उघडून विचारलं, "सर, कुणाला उत्तर द्यायच्या आधी प्राध्यापकांनी काय कळवलंय ते बघून घेईन म्हणते. जूनपासूनची त्यांची पत्रं कुठे ठेवता?"