हायरमकाकांची साक्ष

रिचमंड, गुरुवार

प्रिय आई,

लांबूनच तुला घट्ट मिठी. आम्ही सुखरूप आहोत, जेवणखाणही नीट चाललंय. तू मात्र विहिरीचं पाणी अजून पिऊ नकोस.

आज कारखान्याविरुद्धच्या आपल्या दाव्याची सुनावणी झाली. कारखान्याचं काळं पाणी ओढ्यात सोडताना डोळ्यांनी पाहिलेला एकच माणूस, आपले शेजारी हायरमकाका. त्यांना सहा तास गाडीत बसवून मी इथं आणलं. लग्नातला कोट घालून आले बिचारे. आणि दारातच आमची वकील टेसा म्हणते, "अगं व्हर्ना, अपील कोर्टात साक्षीदार नसतातच! इथं फक्त खालच्या कोर्टाचे कागद बघतात."

"पण खालच्या न्यायाधीशानं ज्यूरी न बसवताच दावा फेटाळला. मग काकांचं म्हणणं कागदावर येणार कुठून?"

"तेच तर मला आत सांगायचंय. पंधरा मिनिटांत."

त्यातली दहा मिनिटं तीन न्यायाधीशांच्या प्रश्नांतच गेली. निकाल काही महिन्यांनी कळेल. जिंकलो तरी खटला पुन्हा खालच्याच कोर्टात जाणार! मी इतकी चिडले, की पायऱ्यांवरच रडू फुटलं.

बाबांचा खोकला कसा आहे? खरं लिही.

नंतर आम्ही जेवायला गेलो. वाढणाऱ्या मुलीनं सहज विचारलं, "आजोबा, एवढे नटून कुठे?" काकांनी तिला पहिल्यापासून सगळं सांगितलं. कॉफीचं भांडं हातात धरून ती शेवटपर्यंत उभी राहिली. खटल्याच्या चार वर्षांत त्यांचं कुणी पुरतं ऐकून घेतलं, ते आज.

दमलेली, पण तुझीच,
व्हर्ना