अंगावरचा वास

सोमवार

आले एकदाची! बसमध्ये पिटुकली दोनदा माझ्या खांद्यावर ओकली आणि वर कंडक्टरकडे बघून हसली, म्हणजे कमालच. नवरा जहाजावर, महिनोन्‌महिने पत्ता नाही, आणि तान्ही पोर सोबत आण म्हणणारी नोकरी ही एकच मिळाली. मेंढी मला फक्त स्वेटरच्या रूपात ठाऊक. पण मेंढ्यांचं काम येतं का विचारलं तेव्हा मी तोंडभरून हो म्हटलं होतं.

खोली गोठ्याला लागूनच आहे. लोखंडी शेगडी, पलंग, आणि खिडकीतून दिसणारी मेंढ्यांची ढुंगणं. मालकांना काका म्हणायचं ठरलं, त्यांच्या बायकोला काकू. काका जेमतेम हूं-हां करतात, त्यांच्या वाटणीचंही काकूच बोलतात. पिटुकलीला बघताच त्यांनी तिला माझ्याकडून उचलून घेतलं. मग तिची टाळू हुंगत म्हणाल्या, आमचीही एवढीच होती. पुढे विचारायचा मला धीर झाला नाही.

मंगळवार

काकांनी काम शिकवलं. मेंढी व्याली की कोकराच्या नाकातोंडावरचा चिकटा पुसायचा, नाळेला आयोडीन लावायचं. मेंढीच्या सडातून पहिली धार आपण पिळून काढायची, कारण टोकाशी मेणासारखी गुठळी अडकलेली असते. मग घट्ट पिवळा चीक कोकराच्या पोटात लगेच गेला पाहिजे. मायलेकरांना फळ्यांच्या छोट्या कप्प्यात दोघांनाच ठेवायचं, म्हणजे ओळख पक्की होते. चाटायचं काम मेंढीचं, आपण मध्ये लुडबुड करायची नाही.

हे शेवटचं मी ऐकलं होतं. अगदी नीट ऐकलं होतं.

बुधवार

कपाळ माझं! सकाळी काळतोंडी मेंढी व्याली. कोकरू चिखलात लोळलं, थरथरायला लागलं, मला राहवेना. खोलीत आणून कोमट पाण्याने, पिटुकलीच्या साबणाने आंघोळ घातली, टॉवेलात गुंडाळलं. कौतुकाने आईपुढे ठेवलं तर तिने हुंगलं आणि अशी धडक मारली की ते फळीवर आपटलं. पुन्हा ठेवलं, पुन्हा धडक.

काकांनी माझी चांगलीच खरडपट्टी काढली. मेंढी लेकरू वासाने ओळखते, तो वासच तू धुऊन टाकलास, म्हणाले. शेजारच्या कप्प्यात दुसरीचं कोकरू मेलेलंच जन्मलं होतं. काकांनी त्याचं कातडं सोललं, पायांसाठी भोकं ठेवली आणि माझ्या धुतलेल्या कोकराला ते बंडीसारखं चढवलं. मेलेल्याच्या आईने शेपटीखाली हुंगलं, घशातल्या घशात काही बोलली आणि त्याला पिऊ दिलं. कातडं कधी काढायचं विचारलं, तर काका म्हणाले, एवढ्यात नको. मला रडू आलं.

काळतोंडी दिवसभर ओरडतेय. तिचं कोकरू फळीपलीकडे दूध पितंय. ती त्याच्याकडे बघते, मान वळवते आणि पुन्हा त्यालाच हाका मारते.

गुरुवार

काकूंनी लोकरीचं झबलं आणलं, त्यांच्या लेकीचं. ती अशीच तान्ही असताना गेली. इतक्या वर्षांत ते एकदाही धुतलं नाही, म्हणाल्या. अंगावर काटा आला माझ्या, पण नाही कुठल्या तोंडाने म्हणू? कालचा घोळ माझाच ना.

आधी त्यांनी पिटुकलीला आंघोळ घातली. घासून घासून, कानामागेसुद्धा. मग झबलं चढवलं. अगदी मापाचं बसलं. काकू तिच्या मानेत नाक खुपसून बसून राहिल्या, मी हात पुढे केला तरी देईनात. सारखं वाटतंय उठावं, खोलीत जावं, दार लावावं. उठले की वाटतं, वेडी आहेस का तू.

शुक्रवार

कोकराला चढवलेलं कातडं काढलं. नव्या आईने हुंगलं आणि राहू दिलं. काका म्हणाले, तिचं दूध त्याच्या अंगात भिनलं, आता ते तिचंच. काळतोंडीचा घसा बसलाय, तरी ओरडतेय.

पिटुकली सकाळपासून मला तोंड लावत नाही. काकूंनी तिला बाटलीने मेंढीचं दूध पाजलं, मला न विचारता! कालपासून पाजताहेत म्हणे. मी झबलं काढायला गेले तर काकांनी माझा हात धरला. एवढ्यात नको, म्हणाले. हेच ते परवा कोकराबद्दल —

ओढून काढलं. शेगडीत टाकलं. काकू रागावल्या नाहीत. हसल्या. आता त्याची गरजही नाही, म्हणाल्या.

शनिवार

छातीशी घेतली, टाळू हुंगली. काही नाही. माझं काहीच नाही. जुनी लोकर, मेंढीचं दूध, काकूंच्या पदराचा —

पुन्हा आंघोळ घातली. पुन्हा हुंगलं. तोच वास.

सामान बांधलंय. बस उद्या. एका जागी बसवत नाही, बूड टेकलं की उठते.

ती माझ्या मांडीवर होती आणि माझे हात — ढकललं मी तिला. पलंगावर पडली, लागलं नाही. पण ढकललं. मी? माझ्या पोरीला?

रविवार

बस आली, गेली. कशी जाणार? पोर सापडत नाहीये.

छाती दगड झालीये, दुधाने सगळे कपडे ओले. गोठा पाहिला, गवताची गंजी, पाण्याची टाकी — काका म्हणतात ही काय समोर. कुठे समोर? समोर काकूंची मुलगी आहे, काकूंच्या मांडीवर.

मला बघून हात पुढे करते. रडते. हनुवटीवर माझ्या पिटुकलीसारखाच तीळ आहे तिच्या. असेल बाई. जवळ आणू नका तिला, मी —

काळतोंडी आज गप्प. मी हाक मारली की मान वर करून —

काकू म्हणतात, बघ तरी एकदा नीट. बघितलं. हुंगलं. नाही ही. माझी नाही. माझी कुठेतरी भुकेली असेल, पलीकडच्या कप्प्यांत बघायचं राहिलंय, ती रडतेय, ऐकू येतंय मला, अगदी जवळ, ती —