तीन आडव्या सळया

प्रिय लवंगी,

या नावाने तुला हाक मारायचा हक्क आता मला नाही, ठाऊक आहे. पण कागदावर दुसरं नाव उमटेचना. हे पत्र सफाईवाल्या मावशी तुला चर्चच्या फाटकाशी देतील. तिथेच उभ्याने वाच. हातातलं गाण्याचं पुस्तक मिटून ठेव, बाकीच्या मुलींनाही थांबव, आणि शेवटपर्यंत वाचल्याशिवाय आत पाऊल टाकू नकोस. मध्येच मला शिव्या द्याव्याशा वाटतील. खुशाल दे, पण वाचता वाचता दे.

मामाच्या कारखान्यात बसून लिहितोय. संध्याकाळ आहे. मामा लवकर घरी गेला. हल्ली तो माझ्याशी बोलत नाही, जेवायला ये म्हणूनसुद्धा मामीच्या तोंडून सांगतो. बाहेर वारा सुटलाय, भिंतीला टेकवून ठेवलेल्या रंगीत काचा एकमेकींना लागून किणकिणतायत. एरवी हा आवाज मला आवडतो. तुला आठवतं, तू पहिल्यांदा इथे आलीस तेव्हा डोळे मिटून म्हणालीस, की इथे कुणीतरी दबक्या आवाजात गाण्याची तयारी करतंय? त्याच दिवशी माझ्या कॉलेजचे बारा वाजले. घरी सांगितलं, अभ्यासात मन लागत नाही, मामाच्या हाताखाली काच शिकतो. आईने डोक्याला हात लावला. वडील म्हणाले, हा दिवटा काचेच्या नाही, दुसऱ्याच कुणाच्या मागे चाललाय. वडिलांना सगळं कळतं, फक्त ते फार मोठ्याने कळतं.

काच मात्र खरंच शिकलो. कापायची कशी, शिशाच्या पट्टीत बसवायची कशी, सांध्यात पुट्टी भरायची कशी. आणि शिकलो मामाची एक रीत, जी इतर कुठल्या कारखान्यात नाही. प्रत्येक खिडकीत, खालच्या उजव्या कोपऱ्यात, कारागीर जिथे सही करतो तिथे, मामा साध्या काचेचा एक तुकडा बसवायचा. ना रंग, ना रेघ. मी नवा होतो तेव्हा विचारलं, इथे तुझं नाव का नाही? तो म्हणाला, बाळा, उजेड तू केलास का? मी केला का? मग ज्याचा उजेड त्याला यायला एवढी जागा मोकळी सोड. खिडकी बघून लोकांना देव आठवला पाहिजे, मामा आठवला तर खिडकी फसली. इतकं सांगून त्याने माझ्या कानाला शिशाने माखलेला हात लावला आणि दिवसभर माझा कान काळा ठेवला.

मग तुझ्या बाबांचं काम आलं. बेकरीच्या मालकाने वेदीमागच्या भिंतीला नवी खिडकी द्यायची म्हटल्यावर भाकरींचाच प्रसंग निवडला जाणार, त्यात नवल काय! एका पोराच्या पाच भाकरींतून पाच हजारांना प्रभूने जेवू घातलं तो. मामाचं पहिलं चित्र तू पाहिलं होतंस. मधोमध प्रभू, त्याच्यापुढे टोपली धरलेला तो लहान मुलगा, मागे डोंगरभर माणसं. दान देणाऱ्याची आठवण म्हणून एका कोपऱ्यात गुडघे टेकलेला, पाठमोरा, बोटभर उंचीचा माणूस. पाळकसाहेबांना चित्र फार आवडलं. तुझ्या बाबांनी दोन दिवस ठेवून घेतलं आणि म्हणाले, माझी पाठ कुणी ओळखेल का? म्हणून तोंड वळवलं. मग म्हणाले, एवढासा चेहरा मागच्या बाकांवरून दिसणार कसा? म्हणून मोठं केलं. मग म्हणाले, गुडघे टेकून उंची कमी होते. उभं केलं. मग टोपली त्या पोराच्या हातात कशाला, भाकरी काय तो भाजतो का? टोपली यांच्या हातात गेली, आणि भाकरींच्या जागी यांच्या बेकरीचे पाव आले, वर तीन चिरा पाडलेले. हसू नकोस, त्या चिरा मीच रंगवल्या. प्रत्येक वेळी ते हात जोडून म्हणायचे, सगळं देवाच्या गौरवासाठी हो, माझं काय त्यात! आणि प्रत्येक वेळी प्रभू थोडा बाजूला सरकायचा. आता त्याचा एक हात तेवढा दिसतो, डाव्या कडेला, आशीर्वादासाठी उचललेला. त्या टोपलीवाल्या पोराचं नाव बायबलातही कुणी लिहून ठेवलं नव्हतं. आपण तर त्याचा चेहराही पुसला.

इथवरही ठीक होतं. चित्र वाईट म्हणून कुणी मरत नाही. पण खिडकी भिंतीत बसवायच्या दिवशी तुझे बाबा खाली उभे राहिले आणि म्हणाले, हे काय माझ्या तोंडावर आडवं घातलंय? लवंगी, एवढ्या मोठ्या काचेच्या मागे-पुढे तिला धरायला कुणी नसतं. काच शिशात असते आणि शिसं मऊ, बोटाने वाकेल इतकं. म्हणून आतल्या बाजूने लोखंडाच्या आडव्या सळया घालतात, त्यांची टोकं दगडातल्या खोबणीत बसवतात आणि शिशाला डाग देऊन जोडलेल्या तांब्याच्या तारांनी काच त्या सळयांना बांधतात. या खिडकीला तीन सळया होत्या. एक जात होती बाबांच्या कपाळावरून, एक नाकाखालून, एक छातीवरून. ते म्हणाले, तुरुंगातला कैदी केलाय माझा, काढा त्या. मामा म्हणाला, शेठ, नाही काढता येणार. मग दोघं बाहेर जाऊन बोलले. परत आला तेव्हा मामाने सौदा केला होता. बेकरीच्या नव्या कारखान्याशेजारी बाबा चर्च बांधणार आहेत, तिथल्या सगळ्या खिडक्या मामाच्या. आणि या खिडकीत मामाने नाव घालावं, मोठ्या अक्षरात, येणारे पाहुणे विचारतील म्हणून. मामाने सळया उतरवल्या. खोबणी बुजवल्या. साध्या काचेचा तुकडा काढून तिथे स्वतःचं नाव बसवलं. आयुष्यात पहिल्यांदा. त्या दिवसापासून तो माझ्याकडे बघत नाही.

तुझ्या गाण्याच्या पुस्तकावर पांढरी पूड पडते ना रोज? तू मावशींवर चिडलीस, त्या बिचाऱ्या कबुतरांवर चिडल्या. ती कबुतरांची घाण नाही. ती पुट्टी आहे. वाऱ्याने काच आत ढकलली जाते, सांधे हलतात, पुट्टी भुकटी होऊन गळते. बरोबर त्याखाली तुमची बाकं आहेत. मधल्या बाकापुढे उभं राहून तू एकटीने गायचं कडवं गातेस. परवा मी कडेने नजर लावून पाहिलं, खिडकीला पोट सुटलंय. तुझ्या बाबांपेक्षा जास्त. वारा आला की ते पोट श्वास घेतल्यासारखं आत येतं, मागे जातं, आणि शिसं बारीक करकरतं. तुम्ही गात असता म्हणून ऐकू येत नाही.

मी हे नीट सांगायला हवं होतं. पण माझा राग आधी पोचतो, मी मागून येतो. तुमची तालीम चालू असताना आत घुसलो, ओरडलो, बाकं हटवायला लागलो, शिडीला लाथ मारली. लहान मुली रडायला लागल्या. आणि नेमकं त्याच सकाळी सगळ्यांना कळलं होतं, की खिडकीच्या अर्पणविधीला, येत्या रविवारी, तुझं त्या पिठाच्या गिरणीवाल्याच्या मुलाशी ठरल्याचं जाहीर होणार. गिरणी आणि बेकरी एका घरात. आता मला सांग, अशा दिवशी कॉलेज सोडलेला, डोक्यात राख घालून घेतलेला पोरगा खिडकी पडणार म्हणून बोंबलला, तर त्यावर कोण विश्वास ठेवेल? पाळकसाहेबांच्या घरी गेलो. त्यांनी चहा दिला, डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली, माझ्या मत्सरासाठी. तुझ्या बाबांकडे गेलो. ते म्हणाले, काच फुटली तर दुसरी बसवीन, तू मात्र पुन्हा दारात दिसू नकोस. काच कुणावर फुटेल ते त्यांनी विचारलंच नाही. रविवारी मोठमोठे पाहुणे येणार, सकाळचं ऊन बरोबर काचेतल्या बाबांच्या चेहऱ्यातून आत पडणार, याच्यापुढे त्यांना काही दिसत नाही. वाईट माणूस नाहीत ग ते. तुझ्यावर जीव आहे त्यांचा. पण त्या काचेतला माणूस आता त्यांच्यापेक्षा मोठा झालाय, आणि ते त्याचं ऐकतात.

आणि तू. सगळ्यांसमोर तू म्हणालीस, तू जळतोयस. वर म्हणालीस, तुलाही त्या खिडकीत स्वतःचंच काहीतरी मिरवायचं होतं. घरी येईपर्यंत मी तुला मनातल्या मनात उत्तरं देत होतो. मग आठवलं. डोंगरावरच्या गर्दीत, खालून दुसऱ्या रांगेत, निळ्या ओढणीतली एक मुलगी आहे. तुला कधी कळलं नाही, ती तू आहेस. तू गाताना मागच्या बाकावरून मला दोघी एकदम दिसाव्यात, म्हणून ठेवली होती. त्यानंतर ठरवलं, की रविवारी उपासना चालू असताना आत जायचं आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत हातोड्याने खिडकी फोडायची. ते दृश्य मी कितीदा मनात पाहिलं! पाहुणे उठून उभे, तुझे बाबा पांढरेफटक, तू माझ्याकडे बघतेयस. मजा वाटत होती. मग एकदा लक्षात आलं, की याही चित्रात मधोमध एकच चेहरा आहे आणि या खेपेला तो माझा आहे. प्रभूचा तर हातसुद्धा कुठे दिसत नव्हता. लाज वाटली. खूप दिवसांनी गुडघे टेकले. काही मोठं मागितलं नाही. प्रभूला म्हटलं, तू सांगशील ते करतो, फक्त मला त्यात दिसू देऊ नकोस.

म्हणून आता ऐक. उद्या शनिवार, तुमची शेवटची तालीम. तुम्ही यायच्या आधी, फटफटताच, मी आत गेलेला असेन. खिडकी बसवायला बांधलेली परांची अजून तिथेच आहे, चर्चची किल्ली मामाच्या खुंटीवर लटकतेय. तिन्ही सळया मी घासूनपुसून ठेवल्यात. मामाने तांब्याच्या तारा कापलेल्या नाहीत, नुसत्या काचेला चिकटवून दाबल्यात. म्हणजे आतून त्यालाही ठाऊक होतं. खोबणी मोकळ्या करायच्या, सळया बसवायच्या, तारा पिळायच्या, बस. हे खरं दोघांचं काम. एकाने फळीने काचेचं पोट मागे रेटून धरायचं, दुसऱ्याने बांधायचं. मला दुसरा कुणी नाही, आणि वारा तर वाढतच चाललाय. मावशींनी पत्र दिलं की फाटकापाशी उभी राहून वर बघ, वेदीमागची खिडकी तिथून दिसते आणि आतले दिवे मी लावून ठेवीन. काचेवर तीन काळ्या रेघा दिसल्या, बाबांच्या कपाळावरून, नाकाखालून, छातीवरून, तर मुलींना घेऊन निर्धास्त आत जा आणि रविवारी पोटभर गा. लोक म्हणतील, त्या पोराने जळून शेठच्या तोंडावर रेघोट्या मारल्या. म्हणू देत. तूही तसंच म्हण, आणि हे पत्र फाडून टाक. तुला सांगावं एवढाच माझा लोभ उरला होता, तोही संपव. रेघा दिसल्या नाहीत, तर दार उघडू नकोस. कुणालाही उघडू देऊ नकोस, बाबांनासुद्धा नाही. मी आत आहे म्हणून तर मुळीच नाही. आधी मामाला बोलाव, काय करायचं ते त्याला कळेल. खाली नाव घालत नाही. तेवढी जागा मोकळी राहू दे.

तुझाच